जागा चुकलेल्या बेटाचं नाव

ट्रॉम्सो, ५ डिसेंबर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "नॉर्वे तर पार उत्तरेला, मग त्यांचं बुव्हे बेट दक्षिण ध्रुवाकडं कसं गेलं?" तेव्हा मी घाईत काहीतरी सांगून मोकळी झाले. नंतर चार संध्याकाळी बसून नीट वाचलं आणि वाटलं, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. बाबांनी खुर्ची ओढून, भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर बसून वाचावं असं आहे. संध्याकाळी म्हटलं खरं, पण इथं आता दिवसभर संध्याकाळच असते. सूर्य नोव्हेंबर सरता सरता गेला, तो जानेवारीच्या मध्याला दिसेल. आई, गरम कपडे घालते, जेवते वेळेवर. काळजी करू नकोस.

तर बाबा, केपटाऊनवर बोट ठेवा. तिथून नैऋत्येला, समुद्रात साधारण अडीच हजार किलोमीटर जा. दक्षिण अक्षांश ५४ अंश २५ मिनिटं, पूर्व रेखांश ३ अंश २२ मिनिटं. आपल्या नकाशावर तिथं नुसता निळा रंग असेल. ते बुव्हे बेट, इथले लोक बुव्हेओया म्हणतात. 'ओया' म्हणजे बेट. सगळ्यात जवळची जमीन अंटार्क्टिकाची, तीही सुमारे १७०० किलोमीटरवर, आणि तिथंही वस्ती नाही. बेट केवढं, तर ४९ चौरस किलोमीटर. त्यातलं ९३ टक्के बर्फाखाली. मुळात तो ज्वालामुखी आहे. वरचं तोंड बर्फानं बुजून सपाट पठार झालंय आणि सगळ्यात उंच शिखर ७८० मीटरचं आहे. चहूबाजूंनी बर्फाचे आणि काळ्या दगडाचे कडे सरळ समुद्रात उतरतात, मधूनच काळ्या वाळूची अरुंद पट्टी. होडी लावायला जागा नाही, आणि धुकं तर कायमचं.

त्याच धुक्यात १ जानेवारी १७३९ ला ते पहिल्यांदा दिसलं. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा बुव्हे द लोझिए नावाचा दर्यावर्दी दोन जहाजं घेऊन दक्षिणेतला मोठा खंड शोधायला निघाला होता. त्याला एक उंच, बर्फाळ टोक दिसलं. हेच त्या खंडाचं टोक, असं त्याला वाटलं. बरेच दिवस तो घुटमळला, पण धुकं आणि बर्फ उतरू देईनात. जमिनीला पाय न लावता त्यानं नाव मात्र ठेवलं: सुंतेचं भूशिर. आई, तू हसशील, पण ऐक. ख्रिस्ती पंचांगात १ जानेवारी हा येशूच्या सुंतेचा सण. जन्मानंतर आठव्या दिवशी सुंता व्हायची आणि त्याच दिवशी मुलाचं नाव ठेवायचं, बायबलातही तसंच लिहिलंय. म्हणजे ते त्यांचं बारसंच. आपल्याकडे सोमवारी जन्मला म्हणून सोमा आणि बुधवारचा म्हणून बुधा, तसं त्या टोकाला बारशाच्या दिवसाचं नाव मिळालं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

पण पुढे जे झालं ते बाबांच्या मोजणी खात्यातलं. त्या काळी अक्षांश काढता यायचा, दुपारच्या सूर्याची उंची मोजली की झालं. रेखांशाला मात्र बिनचूक वेळ सांगणारं घड्याळ लागतं, आणि समुद्रावर टिकेल असं घड्याळ तेव्हा कुणाकडंच नव्हतं. बुव्हेनं आपलं टोक खऱ्या जागेच्या कितीतरी अंश पूर्वेला मांडलं. पुढं कॅप्टन कुक १७७२ ते १७७५ च्या सफरीत ते शोधायला गेला. त्याच्याजवळ तोवर उत्तम घड्याळ होतं, लंडनमध्ये बनवलेलं, समुद्रावरही वेळ न चुकवणारं. तरी सापडलं नाही. बाबा, तुम्ही म्हणायचात ना, साखळी बरोबर असून काय उपयोग, टिपणच चुकलं असेल तर हद्दीचा दगड दुसऱ्याच्या बांधावर निघतो. तेच झालं. बुव्हेनं मोठा हिमनग पाहिला असणार, असं कुकनं ठरवलं आणि बेट नकाशावरून पुसट झालं.

१८०८ मध्ये लिंडसे नावाच्या इंग्रज कप्तानाला ते पुन्हा दिसलं. तोही उतरू शकला नाही. १८२५ मध्ये नॉरिस हा दुसरा इंग्रज कप्तान आला, त्यानं त्याला लिव्हरपूल बेट म्हटलं आणि आपल्या राजाच्या नावानं ताब्यात घेतलं. एकाच जमिनीला तीन नावं झाली. नॉरिसनं आणखी एक केलं. ईशान्येकडं थोड्या अंतरावर दुसरं बेट पाहिल्याचं लिहून त्याला थॉम्पसन बेट असं नाव दिलं. हे बेट नाहीच. पण शंभरहून जास्त वर्षं ते नकाशांवर छापलं जात होतं! एक जमीन खरी असून जागेवर नाही, दुसरी नुसत्या नावावर उभी. १८९८ मध्ये जर्मनांचं वाल्दिव्हिया हे संशोधन जहाज आलं, त्यांनी पहिल्यांदा बेटाची जागा बिनचूक मोजली, थॉम्पसनही शोधलं आणि ते सापडलं नाही. बुव्हेनं पाहिल्याला तोवर जवळजवळ एकशेसाठ वर्षं झाली होती.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नॉर्वेचे लोक तिकडं गेले ते देवमाशांच्या शिकारीपायी. लार्स क्रिस्टेनसेन या जहाजमालकानं पाठवलेलं नॉर्व्हेजिया जहाज १९२७ मध्ये तिथं पोचलं. लोक उतरले, राहिले, मोजमाप केलं आणि १ डिसेंबरला झेंडा लावला. जानेवारी १९२८ मध्ये राजानं तसा हुकूम काढला. इंग्रजांनी आधी हरकत घेतली, पण नंतर हक्क सोडला. बेटाला नाव बुव्हेचंच दिलं. मला हे आवडलं. त्यांना हवं ते नाव देता आलं असतं, तरी जागा चुकलेल्या पण खरं पाहिलेल्या माणसाचं नाव त्यांनी राखलं. वायव्येच्या टोकाला त्याचं सुंतेचं भूशिरही अजून त्याच नावानं आहे.

बाकीची नावं मात्र जहाजमालकांची, जहाजांची, राजेरजवाड्यांची. हिमनदी क्रिस्टेनसेनची, पठार जर्मन कैसर विल्हेल्मचं. माझं मन त्यांत रमत नाही. एकच नाव रमवतं: न्यूरॉइसा. १९५५ ते १९५८ च्या दरम्यान पश्चिमेकडचा कडा कोसळला आणि पायथ्याशी सपाट जमीन तयार झाली. कुणी पाहिलं नाही, नंतर आलेल्यांना ती नवीनच दिसली. न्यूरॉइसा म्हणजे नवी दगडांची रास. बस, तेवढंच. आता बेटावर उतरण्यातल्या त्यात सोपी जागा ती, तिथं पेंग्विन आणि सील पिल्लं वाढवतात. कुणाचा मान ठेवायला दिलेलं नाव नाही, पाहिलं तसं सांगितलं.

आपल्या रानांची नावं अशीच आहेत ना? चिंचेचं रान, वेताळमाळ, थारोळ्याची पट्टी. मोटा जाऊन किती वर्षं झाली, थारोळं दगडांत बुजलंय, पण नाव आहे. नाव आहे म्हणून मला माहीत आहे, की तिथं कधीतरी मोट चालायची. सातबाऱ्यावर यातलं काही नाही, तिथं फक्त गट नंबर. बाबा, जमिनींच्या एकत्रीकरणानंतर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा नावं कुणी लिहून घेतली नाहीत, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तुमच्या वहीत हद्दी आहेत, मापं आहेत. नावं नाहीत. ती आईच्या तोंडात आहेत आणि थोडी तुमच्या. गेल्या खेपेला आई एका नावाशी अडखळली, दोनदा चुकली, मग म्हणाली, राहू दे. मला ते अजून बोचतंय.

म्हणून एक काम करा. रोज दुपारी चहा झाला की आईनं एक नाव सांगायचं आणि बाबांनी वहीत त्या गटासमोर लिहायचं. नाव कशावरून पडलं, तेही. भांडण झालं तरी दोघांचं म्हणणं लिहा, खोडू नका. मी मे महिन्यात येते, तेव्हा तिघंही वही घेऊन रानात जाऊ.

सुरुवात मीच करून देते. डोणीचं रान ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं? मला पलीकडचं आठवतंय, आंब्याच्या अंगाला. आई, तू काय म्हणतेस?

तुमची,
ताई