परातीतली थर्मोपिली

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आमच्या वाचनालयात इराणी आक्रमणाला ग्रीकांनी जिथे अडवले त्या थर्मोपिली खिंडीच्या लढाईवर व्याख्यान देताना मी फळ्यावर दोन डोंगर काढले आणि त्यांच्यामधल्या फटीत स्पार्टाचा राजा लिओनिडास याचे ३०० स्पार्टन सैनिक उभे केले. आपण सभेत काही बोलला नाहीत, नंतर जिन्यात गाठून एवढेच म्हणालात, “दुसरा डोंगर पुसा, तिथे समुद्र होता.” त्यापुढचे तीन रविवार आपण माझ्यासाठी खर्ची घातलेत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र.

चूक माझीच, पण थोडा दोष ‘खिंड’ या शब्दाचाही आहे, कारण तो ऐकला की आपल्याला दोन्ही बाजूंचे कडे दिसू लागतात. इ. स. पू. ४८० मधली थर्मोपिली म्हणजे दक्षिणेला कॅलिड्रोमोस डोंगर, उत्तरेला मालियाचे आखात आणि मधून जाणारी किनाऱ्याची चिंचोळी पट्टी. आज तिथून समुद्र काही किलोमीटर दूर गेला आहे, म्हणून छायाचित्रे पाहून मी गोंधळलो होतो. आपण स्वयंपाकघरातून परात आणलीत, एका कडेला शाडूचा डोंगर थापलात, बाकीच्या भागात पाणी भरलेत आणि कोपऱ्यातून तांब्याने गढूळ पाणी सावकाश सोडत राहिलात. थोड्याच वेळात डोंगराच्या पायथ्याशी मातीची जीभ पुढे सरकू लागली. “ही स्पेर्खिओस नदी,” आपण म्हणालात, “आणि ही अडीच हजार वर्षे.”

त्याहून मोलाचा ठरला तो आपला प्रश्न. या वाटेच्या दोन्ही टोकांना जेमतेम एक गाडी जाईल एवढीच जागा होती, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो; मग ती सोडून ग्रीक सैन्य मधल्या, त्याहून रुंद ‘दरवाजा’पाशी, म्हणजे वाटेतल्या मधल्या चिंचोळ्या जागी, का थांबले? इतकी वर्षे वाचूनही मला हा प्रश्न पडला नव्हता. टोकांजवळ उतार सौम्य असल्याने शत्रू वर चढून बगल देऊ शकत होता, मध्ये मात्र कडा ताठ होता, शिवाय शेजारच्या फोकिस प्रांतातल्या लोकांची जुनी पडकी भिंत तिथेच होती आणि तीच ग्रीकांनी पुन्हा उभारली, हे आपण परातीतल्या शाडूवर बोट टेकवून दाखवलेत. अशा जागी इराणी सम्राट झर्क्सिसच्या घोडदळाला वाव नव्हता, मागच्या रांगांना पुढे येता येत नव्हते आणि समोरासमोरच्या झुंजीत आखूड इराणी भाले ग्रीकांच्या लांब भाल्यांपुढे तोकडे पडत होते. दोन दिवस तसेच गेले. जवळच्या आर्टेमिसियमच्या सामुद्रधुनीत ग्रीक आरमारही उभे होते, नाहीतर शत्रू जहाजांतून थेट पिछाडीला उतरला असता. हे माझ्या व्याख्यानातून साफ निसटले होते.

इराण्यांना ग्रीकांच्या पिछाडीची वाट दाखवणाऱ्या एफिआल्टिसच्या फितुरीवर मी फारच वेळ घालवला, ही आपली तक्रारही रास्त आहे. अनोपाया नावाची ती डोंगरवाट काही त्याने शोधलेली नव्हती. तिथल्या मालिस प्रांतातल्या लोकांना ती ठाऊक होती आणि पूर्वी फोकिसवर चालून जाताना उत्तरेकडच्या थेसलीकरांनी ती वापरलीही होती. म्हणूनच लिओनिडासने तिथे फोकिसचे १,००० सैनिक ठेवले होते. दिवेलागणीला निघालेली इराणी सेनापती हिडार्निसची तुकडी रात्रभर ओकच्या झाडीतून चढली, आणि वारा पडलेला असल्यामुळे पायांखालच्या पाचोळ्याचा आवाज ऐकूनच पहारेकऱ्यांना शत्रू आल्याचे कळले. बाणांचा मारा होताच ते शिखराकडे सरकले आणि वाट मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी उरलेले ग्रीक ज्या टेकाडावर मारले गेले, त्या कोलोनोसवर ग्रीक पुरातत्त्वज्ञ मारिनाटोस यांना १९३९ च्या उत्खननात इराणी बाणांची पाती सापडली.

व्याख्यान मी आता नव्याने लिहून काढले आहे. फळ्यावर एकच डोंगर असेल. आपली परात मात्र अजून माझ्याकडेच आहे आणि तिच्या कडेला चिकटलेला कॅलिड्रोमोस घासूनही निघत नाही. येत्या रविवारी ती परत करायला येतो, तेव्हा प्लॅटियाच्या लढाईचा नकाशाही सोबत आणीन.

आपला कृतज्ञ,
वाचनालयातला व्याख्याता