कबड्डीची पकड बास्केटबॉलात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या शालेय बास्केटबॉल सामन्यात बाचाबाची होऊन खेळ अर्ध्यावर थांबला, ही बातमी आपल्या अंकात वाचली. बातमीत सगळं खापर पंचावर फोडलं आहे. गावोगावच्या अशा सामन्यांत मीही शिट्टी फुंकली आहे. पंच चुकतो, नाही असं नाही. पण बहुतेक भांडणांचं मूळ एकच असतं. पोरांना आणि त्यांच्यामागे ओरडणाऱ्या गावकऱ्यांना नियमच कोणी सांगितलेले नसतात.

आमच्याकडचं पोट्टं कबड्डीवर वाढलेलं. समोरचा अंगावर आला की कंबर धरायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तेच पोट्टं इथे बॉल घेऊन निघालेल्याचा दंड धरतं आणि शिट्टी वाजली की विचारतं, "सर, म्या त्याले पाडलं कुठी? नुसतं धरलं तं!" बाप्पा, नुसतं धरणं हाच फाउल! प्रत्येक खेळाडू उभा आहे तेवढी जागा त्याची, त्या जागेतून सरळ वर उडी मारायचा हक्कही त्याचाच. तिथे घुसून ढकललं, ओढलं, मनगटावर फटका मारला की फाउल. असे पाच झाले की खेळाडू बाहेर, त्या सामन्यात पुन्हा आत येणं नाही. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल भरले की बचाव करतानाच्या पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता रिंगमध्ये बॉल टाकायच्या दोन संधी. बास्केट मारताना कोणाला धरलं आणि तरीही बॉल रिंगमधून गेला, तर गुण मिळतातच, वर एक फ्री थ्रो. आता हे फाउल वहीत लिहायला आपल्याकडे टेबलावर माणूस कुठे असतो? सगळं तोंडी चालतं, आणि चौथा की पाचवा यावरून जुंपते. एक वही, एक पेन आणि लिहिणारी एखादी नववीतली मुलगी बसवली तरी निम्मी कटकट मिटेल.

दुसरा वाद पावलांचा. उभ्या-उभ्या बॉल हाती आला तर एक पाय जमिनीला रोवलेला ठेवायचा, दुसरा हवा तसा फिरवायचा. पळायचं असेल तर रोवलेला पाय उचलण्याआधी बॉलचा टप्पा सुरू व्हायला हवा. धावता धावता बॉल धरला, तर धरतानाचा जमिनीवरचा पाय मोजत नाहीत. त्यापुढे दोन पावलं, तेवढ्यात पास द्या नाहीतर बास्केट मारा. आणि एकदा टप्पा थांबवून बॉल दोन्ही हातांत घेतला की पुन्हा टप्पा मारत निघता येत नाही. हे मैदानात करून दाखवलं की पोरांना लगेच उमजतं.

रिंगखालचा ठिय्याही लक्षात घ्यावा. आपल्या संघाकडे समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात बॉल असताना समोरच्या रिंगखालच्या आखलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही. उंच पोराला तिथे खांबासारखं उभं करणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत!

"आमच्या काळ्या मातीत बॉल उसळतच नाही," ही तक्रार खरी आहे. पावसाळ्यात तर विचारूच नका. पण 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये, जिथे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली, तिथेच बास्केटबॉल पहिल्यांदा पदकांसाठी खेळला गेला. अंतिम सामना उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर, भर पावसात झाला. चिखलात टप्पा बसेना. अमेरिकेने कॅनडाला हरवलं ते 19-8 ने! शिवाय 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला तेव्हा त्यांच्या 13 नियमांत बॉल घेऊन पळायला बंदीच होती. जिथे बॉल मिळेल तिथूनच फेकायचा. नवशिक्यांना पहिला महिनाभर असंच, फक्त पासवर खेळवावं. मुरूम दाबलेलं मैदान मिळेपर्यंत तर नक्कीच.

लहानांचे हाल वेगळेच. पाचवीच्या लेकरांच्या हातात मोठ्या माणसांचा सात नंबरचा बॉल, आणि रिंग 3.05 मीटरवर. बिचारे कमरेतून वाकून बॉल भिरकावतात आणि तीच सवय जडते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी पाच नंबरचा बॉल आणि 2.60 मीटरची रिंग असते. खांब बसवणाऱ्या ठेकेदाराला हे शाळेनेच आधी सांगायला हवं, एकदा वेल्डिंग झालं की कोणी खाली करून देत नाही.

तालुका स्पर्धांच्या आयोजकांना विनंती, की पहिल्या सामन्याआधी सर्व कर्णधार आणि शिक्षकांना एकत्र बसवून फाउल आणि पावलांचे नियम प्रत्यक्ष करून दाखवावेत. आपणही स्पर्धांच्या तोंडावर क्रीडा पानावर हे नियम चित्रांसह छापावेत. कात्रण शाळेच्या फलकावर मी स्वतः लावीन.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. आर्वी, जि. वर्धा