पेटीतल्या पेन्सिलच्या चिठ्ठीबद्दल आभार

प्रिय काका,

नाव छापायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं ‘काका’. माझ्या जुन्या उपकरणाच्या दुरुस्तीचे पैसे चुकते केले तेव्हा आभार मानायचे राहिले, कारण पेटी तेव्हा नीट उघडून पाहिलीच नव्हती. चिठ्ठी नंतर सापडली. हे पत्र त्या चिठ्ठीसाठी आहे.

तुमच्या टेबलावर काय आलं होतं, ते आधी वाचणाऱ्यांना सांगायला हवं. व्हर्नियरचा जुना सेक्स्टंट, म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजून समुद्रावर आपली जागा काढायचं उपकरण. काशाची चौकट, तिच्या चापात बसवलेली चांदीची पट्टी, पट्टीवर दर १० मिनिटांना एक रेघ, आणि व्हर्नियरवर, म्हणजे तिला लागून सरकणाऱ्या बारीक पट्टीवर, १० सेकंदांपर्यंत वाचन (ही मिनिटं-सेकंद कोनाची: अंशाचा साठावा भाग मिनिट, त्याचा साठावा सेकंद). पेटीच्या झाकणात, अशी उपकरणं तपासून देणाऱ्या इंग्लंडमधल्या क्यू वेधशाळेचं प्रमाणपत्र. असा ऐवज आधी एका ‘अँटिक रिस्टोरेशन’वाल्यांकडे जाऊन आला होता आणि सोन्यासारखा चकचकीत होऊन परतला होता. दुखणं तिथूनच सुरू झालं.

सेक्स्टंट काळपट असतो तो मळलेला म्हणून नव्हे. सूर्याचा वेध घेताना धातूवरची तिरीप डोळ्यात जाऊ नये म्हणून कारागिरांनीच त्याला गडद रंग चढवलेला असतो. रिस्टोरेशनवाल्यांनी बफ, म्हणजे चकाकी आणणारं चाक, मारून तो उतरवला. बफ चापावरही फिरला आणि ११० अंशांपुढच्या रेघा पुसट झाल्या. फिरत्या भुजेवरच्या आरशाचा पारा उडालेला होता, तिथे न्हाणीघरातल्या आरशाचा तुकडा कापून चिकटवला. क्षितिज-काचेची तर कमालच. ती अर्धी पारदर्शक आणि अर्धी पाऱ्याची असते. पारदर्शक भागातून क्षितिज थेट दिसतं, आरशाच्या भागात सूर्य उतरतो. त्यांनी अख्खी काच आरसा करून टाकली! क्षितिज दिसणारच नसेल तर सूर्य टेकवायचा कशावर?

आणि त्यांनी बदललेला तो स्क्रू. जुन्या ब्रिटिश उपकरणांत बहुधा बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे स्क्रू असतात, नाहीतर त्या त्या कारखान्याचे स्वतःचे आटे. ६ बीए म्हणजे २.८ मिमी व्यास आणि ०.५३ मिमी आटा. बाजारातला एम-३ म्हणजे ३ मिमी आणि ०.५. तोंडाशी बसल्यासारखं वाटतं, मग अडतं. अडलं की शहाणा माणूस थांबतो. त्यांनी पेचकस लावला.

पॉलिश अमोनियावालं होतं, तेही सांगून ठेवतो, कारण त्याचं नुकसान उशिरा दिसतं. ताण राहिलेल्या पातळ पितळेला अमोनिया लागला की ते महिन्यांनी आपोआप तडकतं. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं तबेल्यांत साठवलेली असत आणि पावसाळ्यात त्यांच्या पितळी पुंगळ्या अशाच फुटायच्या. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि दमट हवा, हे कारण १९२१ साली उलगडलं. आरसा धरून ठेवणाऱ्या चिमट्या नेमक्या अशाच पातळ, ठोकून वाकवलेल्या पितळेच्या असतात. तुम्ही भिंग लावून आधी त्याच पाहिल्यात.

पुढचं काम तुम्ही कसं केलंत हे इथे सगळं लिहीत नाही, ती तुमची विद्या. एकच सांगतो. नव्या आरशासाठी तुम्ही साधी काच घेतली नाहीत. साध्या काचेच्या दोन बाजू बहुधा अगदी समांतर नसतात, किंचित पाचरीसारख्या असतात. क्षितिज-काचेत ती पाचर असली तर चूक कायम तेवढीच राहते आणि शून्यदोषात (कोन शून्य असतानाही उपकरण जेवढं वाचन दाखवतं त्यात) मिसळून वजा करता येते. भुजेवरच्या आरशात असली तर मात्र कोन बदलेल तशी चूकही बदलते, आणि मग ती वजा कशातून करणार? हा फरक माहीत नसलेला माणूस दोन्हीकडे एकच तुकडा लावतो आणि ‘झाला सेट’ म्हणतो.

आता चिठ्ठी. प्रमाणपत्राच्या खालच्या खोबणीत, सुटी, न चिकटवता ठेवलेली. डिंकाला दमट हवेत बुरशी येते आणि ती शेजारच्या जुन्या कागदावर चढते, म्हणून सुटी. शाई ओलीने फुटते, म्हणून पेन्सिल. मजकूर चार ओळींचा: ‘दोन्ही आरसे माझे. चाप मी घासलेला नाही, रेघांत काजळी आणि तेल भरलंय. ११० च्या पुढे वाचन भरवशाचं नाही, ते परत येणार नाही. सूर्य: चापावर ३३′ २०″, चापाबाहेर ३०′ ४०″.’

शेवटची ओळ ज्यांना कळेल त्यांना त्यात किती काय आहे ते कळेल. सूर्याचं थेट दिसणारं बिंब आणि आरशातलं बिंब कडेला कड टेकवून, शून्याच्या दोन्ही बाजूंना घेतलेली ही दोन वाचनं आहेत. दोन्हींची बेरीज ६४′, तिचा चौथा हिस्सा १६′. तुम्ही वेध घेतलात त्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्याची दिसणारी त्रिज्या तेवढीच असते. म्हणजे वेध नीट घेतला होता, आकडे टेबलावर बसून रचलेले नव्हते. दोन्हींतला फरक २′ ४०″, त्याचा अर्धा १′ २०″, तो शून्यदोष. चापावर आहे, म्हणून वाचनातून वजा. न केला तर समुद्रावर सुमारे अडीच किलोमीटर चुकतात, कारण एका मिनिटाला एक सागरी मैल, १८५२ मीटर.

पण मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या त्या पहिल्या तीन ओळी. क्यूच्या प्रमाणपत्रातला दुरुस्तीचा तक्ता नुसत्या चापाचा नसतो. तपासणीच्या वेळी बसवलेल्या आरशाचा दोषही त्यात मिसळलेला असतो. आरसे बदलले की तो तक्ता आंधळेपणाने वापरता येत नाही, आणि आरसे बदललेत हे कुणी लिहून ठेवलं नाही तर पुढच्याला ते कळायचा मार्ग नाही. तुमचे आरसे इतके चांगले जमलेत की गप्प राहिला असतात तर मूळचेच म्हणून खपले असते. तुम्ही गप्प राहिला नाहीत. पारा उडालेला जुना आरसाही बटरपेपरमध्ये गुंडाळून पेटीत परत दिलात.

या छंदात खोटेपणा काही थोडाथोडका नाही. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असं कोरलेले पितळी सेक्स्टंट अजूनही मिळतात, आणि त्या दोन कंपन्या एकत्र आल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. तरी तो खोटेपणा उघडा तरी असतो. खऱ्या वस्तूच्या पोटात लपवलेली दुरुस्ती त्याहून वाईट, कारण ती पुढच्या प्रत्येक हाताला फसवते. क्यूचा तपासनीस उपकरण उत्तम आहे एवढं म्हणून थांबत नसे, ते कुठल्या अंशाला किती सेकंद चुकतं हेही लिहून देई. तुमची चिठ्ठी त्याच कागदाखाली ठेवलेली आहे, आणि तिथे ती शोभते.

पेटीतलं जुनं बनातीचं अस्तर ओल धरतं, म्हणून सांगितलंत तशी सिलिका जेलची पुडी ठेवली आहे. रंग बदलला की तापवून घेतो. चाप आता कुणालाही पुसू देत नाही.

आणखी एक लक्षात आलं. चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग तुम्ही कोरा सोडलाय, आणि मजकुराखाली एक आडवी रेघ मारलीय. पुढे जो कुणी ही पेटी उघडून आत हात घालेल, त्याच्यासाठी. त्या जागेत मी काही लिहिलेलं नाही.

तुमचा आभारी,
सेक्स्टंटवाला