मॅडमचा तास सोडू नकोस

मिरज

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मॅडमसमोर तोंड उघडलं की सगळं इंग्रजी पळून जातं. त्यापेक्षा व्याकरणाचं एखादं जाड पुस्तक आणते, आधी ते संपवते." तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, नीट बोलता आलं नाही. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. पुस्तक हवं तर आण. तास मात्र सोडू नकोस.

एक गोष्ट तुला कधी सांगितलेली नाही. मला कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. पावसाळ्याचे दिवस. एक परदेशी बाई तंबोरा घ्यायला आल्या. त्यांना वाद्य आवडलं. कधी मिळेल, असं त्यांनी विचारलं, तेवढं मला कळलं. मला सांगायचं होतं की हवेत ओल आहे, लाखेचं पॉलिश वाळलेलं नाही, जवारी काढायची, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद मोकळा करायचा, बाकी आहे, आठ दिवस थांबा. दहावीला मला इंग्रजीत 68 मार्क होते. काळ ओळखता येत होते, रिकाम्या जागा भरता येत होत्या. तोंडातून फक्त "यस, यस" निघालं. दुसऱ्या दिवशी त्या सामान बांधून, गाडीच्या वेळेआधी, तंबोरा न्यायला आल्या. तो तयार नव्हता. त्या रिकाम्या हाताने गेल्या. मालक मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

त्यानंतर मी आपल्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे गेलो. ते रोज सकाळी कृष्णाघाटाच्या रस्त्याने फिरायला जायचे. म्हणाले, "चल बरोबर, पण मराठी बोलायचं नाही." माझी शिकवणी अशी चालता चालता झाली. काल दुकानात काय केलंस ते सांग, एवढंच ते विचारत. मी कितीही अडखळलो तरी मधे टोकत नसत. शेवटी तीन चुका सांगत, तीनच. मग तीच हकिकत पुन्हा सांगायला लावत: पहिल्यांदा चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. तिसऱ्या खेपेला काय सांगायचं ते ठरलेलं असतं, त्यामुळे सगळं लक्ष कसं सांगायचं याच्याकडे जातं आणि जीभ मोकळी होते. तुझ्या मॅडमना सांगून हे करून बघ.

माझी हमखास चूक होती "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स". मराठीत आपण "दोन वर्षांपासून काम करतोय" म्हणतो, तेच उचलून तिकडे ठेवलेलं. मास्तरांनी नियम सांगितला नाही. "आय हॅव बिन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स" हे एकच वाक्य धरून रोज नवी वाक्यं करून घेतली, कधी वेटिंग घालून, कधी लिव्हिंग, कधी लर्निंग. आठवडाभरात ते तोंडात बसलं. तसंच डोकेदुखीचं. "माय हेड इज पेनिंग" हे आपलं "डोकं दुखतंय". ते लोक म्हणतात "आय हॅव अ हेडेक". त्यातला तो 'अ' आणि दुसरा 'द' आपल्याला सगळ्यात जास्त छळतात, कारण मराठीत तसलं काही नाहीच आणि राहून गेलं तरी कानाला खटकत नाही. म्हणून नुसता 'हेडेक' पाठ करू नकोस, 'अ हेडेक' असा कर. 'मिस्टेक' हा शब्द येतो, पण चूक 'डू' करत नाहीत, 'मेक' करतात. शब्द त्याच्या सोबत्यासकट घ्यावा.

उच्चाराची तुला फार लाज वाटते, ते कळतं. आपण दिशेसाठी 'वेस्ट' लिहितो आणि बनियनसाठीही 'वेस्ट'च. इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. दिशेच्या वेळी ओठांचा चंबू करायचा, दात कुठेही लागू द्यायचे नाहीत. बनियनच्या वेळी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. आरशासमोर उभी राहून कर. दुसरं म्हणजे जोर. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने बोलतो. ते 'फोटोग्राफ'मध्ये 'फो'वर जोर देतात आणि 'फोटोग्राफर' म्हणताना 'टॉ'वर, तिथे पहिलं अक्षर जवळजवळ गिळतात. 'कम्फर्टेबल'चं होतं 'कम्फ्टबल'. हे डोळ्याने वाचून कळत नाही, कानाने घ्यावं लागतं.

लहानपणी तू दुकानात बसून मला जवारी काढताना बघायचीस. घोडीचा माथा कानशीने जरासा घासायचा, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं. नाद मोकळा झाला नसेल तर तार उतरवून पुन्हा घासायचं. एकदम जास्त घासलं तर घोडी वाया जाते. तुझ्या मॅडम म्हणजे तुझा दुसरा कान आहेत. पण कानशी तुझ्याच हातात, आणि ती रोज चालली पाहिजे.

म्हणून तासाइतकंच महत्त्व तासांच्या मधल्या दिवसांना दे. रोज रात्री दहा मिनिटं मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड कर. दिवसात काय झालं, एवढाच विषय. दुसऱ्या दिवशी ते ऐक आणि जिथे अडलीस तेवढाच शब्द शोध. बातम्यांतलं एक वाक्य ऐकून थांबव आणि त्याच चालीत मोठ्याने म्हण. मनातल्या मनात नको, त्याने जिभेला काही कळत नाही. नवा शब्द दुसऱ्या दिवशी वापर, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. दहा मिनिटं रोज. रविवारी एकदम दोन तास केले तर मला चालणार नाही.

आणखी एक. तू म्हणालीस, मॅडम छान समजावतात, अर्ध्या तासातली वीस मिनिटं त्याच बोलतात. मग तुला उरली दहा. गुरूला असं कसं सांगायचं, असं तुला वाटेल. नम्रपणे सांग: मॅडम, आज मला जास्त बोलू द्या, चुका शेवटी सांगा. चांगल्या शिक्षकाला यात राग येत नाही.

तुझ्या इंग्रजीला खोलीतल्या मुली हसल्या, ते ऐकून तुझी आई रडली. मला राग आला, पण त्या पोरींचा नाही. मला इंग्रजी पाचवीपासून होतं. 2000 साली शासनाने ते पहिलीपासून केलं, तुम्ही त्या नंतरची पोरं. दहा वर्षं इंग्रजी शिकलीस आणि त्यात एकदाही कुणी तुला वर्गात उभं करून "काल काय केलंस?" असं इंग्रजीत विचारलं नाही. तुला येत नाही असं नाही गं, तुला कधी बोलायलाच दिलं नाही.

दिवाळीत एक जर्मन विद्यार्थी तंबोरा न्यायला येणार आहे. त्याला जवारी म्हणजे काय ते तू समजावून सांगायचंस. मी मधे बोलणार नाही. तयारी आतापासून कर: घोडी, तार, भोपळा यांना इंग्रजीत काय म्हणतात ते मी कळवतो.

या रविवारी फोन करशील तेव्हा पहिली दहा मिनिटं इंग्रजीत. आई शेजारी बसून ऐकणार आहे. तिला समजणार नाही, पण तुझा आवाज अडखळला की तिला लगेच कळतं.

चकल्यांचा डबा पाठवलाय. त्या मुलींनाही दे.

तुझे,
बाबा