शेरूच्या दोन गोळ्या

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा म्हणाले, "माझी अ‍ॅटेनोलॉलपण ठोके कमी करते, मग शेरूला तीच का नको? दोन-दोन औषधं कशाला?" बाबा, तुमची गोळी आपल्या कुत्र्याला चुकूनही देऊ नका. ती अ‍ॅड्रेनलिनला अडवते, आणि शेरूचं थकलेलं हृदय सध्या त्याच्याच जोरावर चाललंय. तो आधार अचानक काढला तर फुप्फुसात पुन्हा पाणी भरेल.

मागच्या वेळी त्याच्या छातीवर हात ठेवला होता. पिशवीत गोट्या खळखळाव्यात तसे ठोके, कशाला काही मेळ नाही. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरताहेत. ती थरथर कायमची थांबवणं अवघड असतं, म्हणून त्यातले किती ठोके खाली पोचू द्यायचे एवढंच आपण बघतो. त्याच्या दोन गोळ्यांपैकी डिगॉक्सिन हे व्हेगस नसेमार्फत, म्हणजे हृदयाचा वेग मंदावणाऱ्या नसेमार्फत करते. तो ओसरीवर पडून असतो तेव्हा ती चांगली चालते, पण गेट वाजलं आणि तो भुंकत धावला की तिचा जोर ओसरतो. दुसरी, डिल्टियाझेम, ठोक्यांच्या वाटेवरच कॅल्शियमला अडवते, त्यामुळे धावपळीतही थोडा लगाम राहतो. 2009 साली हाच आजार असलेल्या 18 कुत्र्यांना ही औषधं एकेकटी आणि एकत्र देऊन, होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) लावून तुलना केली होती. जोडीनं दिल्यावर ठोके सगळ्यांत जास्त आटोक्यात आले. म्हणून दोन.

मला धास्ती आहे ती डिगॉक्सिनची. उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यांत फार अंतर नसतं, त्यात डॉबरमनला ती लवकर बाधते. आई, त्यानं चपातीला तोंड लावलं नाही, उलटी झाली, तर "उन्हाळ्यामुळे असेल" म्हणू नकोस. पुढची डिगॉक्सिन थांबव आणि लगेच फोन कर, मध्यरात्र असली तरी. डिल्टियाझेम मात्र दर आठ तासांनी, ती चुकवायची नाही.

तो गाढ झोपला की एक मिनिट श्वास मोज. तीसच्या वर गेले तर कळव.

रविवारी रक्त घ्यायला येते. डिगॉक्सिन दिल्यावर सहा ते आठ तासांनी घ्यावं लागतं, तेव्हा सकाळी किती वाजता दिली ते वहीत लिहून ठेव. आणि बाबा, तुमचा गोळ्यांचा डबा शेरूच्या फळीवरून आजच उचला.

तुमची,
मिनू