बोटीच्या वायरिंगमधला दोष शोधून देणाऱ्या काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही येऊ नये असे आपण बजावले आहे, म्हणून हे पत्र नावाशिवाय लिहीत आहे. ते सर्वांसमोर मांडण्याची परवानगी देताना आपण अट घातली होती की त्यात कौतुक थोडे आणि काम जास्त असावे. ती अट पाळण्याचा प्रयत्न करतो, कारण आपण केलेले काम ज्यांच्या दारात लहान बोट उभी आहे अशा कोणालाही उपयोगी पडेल असे आहे.

२५ जुलै २०२४ रोजी मुठा नदीचे पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी भागातल्या सोसायट्यांमध्ये शिरले आणि रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी लष्कराला बोलवावे लागले, हे पुणेकरांना आठवत असेलच. त्यानंतर आमच्या मंडळाने वर्गणीतून एक लहान फायबरची बोट घेतली. ती कोकणातून आणलेली, समुद्रात वापरलेली आणि आउटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून अडकवलेले, इंजिन असलेली जुनी बोट होती. सांगाडा आणि इंजिन भक्कम होते, पण विजेच्या कामाने आम्हाला जेरीस आणले. नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, सर्चलाइट पिवळट आणि मंद लागे. तो चालू असताना तळातील पाणी उपसणारा पंप रेंगाळे. हॉर्न दाबला की मागचा दिवा फडफडे. बोट आठवडाभर ट्रेलरवर उभी राहिली की बॅटरी उतरलेली असे. आणि इंजिन मधूनच, काही कारण नसताना, बंद पडे. ज्यांनी ज्यांनी बोट पाहिली त्यांनी बॅटरी बदलण्याचा सल्ला दिला. आपण मात्र बॅटरी बदलू देण्यास साफ नकार दिला आणि जोपर्यंत दोष कोठे आहे ते बोटाने दाखवता येत नाही तोपर्यंत एकही वस्तू विकत आणायची नाही असे सांगितले. मंडळाच्या खजिनदारांनी आपले आभार स्वतंत्रपणे मानले आहेत, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

काम सुरू करण्याआधी आपण बोटीची सर्व झाकणे उघडायला लावून ती काही वेळ वाऱ्यावर ठेवली, तेव्हा आमच्यातील काही जणांची चुळबुळ सुरू झाली होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि बॅटरीचे टर्मिनल काढताना उडणारी एक ठिणगी तिला पुरते, हे आपण सांगितल्यावर ती चुळबुळ थांबली. गाडीखाली साचलेली वाफ वाऱ्याने निघून जाते. बोट ही सर्व बाजूंनी बंद असलेली परात आहे, तिच्यातून वाफेला बाहेर पडायला वाट नसते.

त्यानंतर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारे हातातले यंत्र, कसा वापरावा याचा जो धडा आपण दिला, त्यासाठी हे पत्र खरे तर लिहिले आहे. बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसत होते, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. सर्चलाइटचा बल्ब काढून त्याच्या दोन टोकांवर मोजले तर तेथेही १२.५ व्होल्ट. आमच्यापैकी प्रत्येकाने इथे वायरिंगला निर्दोष ठरवले असते, आणि पूर्वी ज्यांनी तपासले त्यांनी तसे ठरवलेही होते. आपण म्हणालात की मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे तारेतील केसाएवढा एकच धागा शाबूत असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तारेची परीक्षा तिच्यावर भार टाकल्यावरच, म्हणजे उपकरण चालू असतानाच, होते. मग बल्ब पुन्हा बसवून, दिवा लावून मोजले. बॅटरीवर १२.३ आणि दिव्यावर अवघे ९.८. व्होल्टेज एक पंचमांशाने घटले की हॅलोजनचा प्रकाश निम्म्याच्याही खाली जातो, हेही तेव्हाच कळले, आणि पिवळट उजेडाचे कोडे सुटले.

मधले अडीच व्होल्ट गेले कोठे, हे शोधण्याची आपली रीत इतकी साधी होती की ती आम्हाला आधी कोणी का सांगितली नाही याचे आश्चर्य वाटते. दिवा चालूच ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्हवर ठेवली, ०.३ व्होल्ट. मग तसेच निगेटिव्हच्या बाजूने केले, २.२ व्होल्ट. म्हणजे स्विच, फ्यूज आणि लाल तार यांच्यावर सगळ्यांनी इतके दिवस संशय घेतला, आणि चोर परतीच्या वाटेवर बसला होता. पुढे पिन एकेका जोडापर्यंत सरकवत नेली आणि स्टीअरिंगच्या फळीमागे, जेथे सर्व उपकरणांच्या काळ्या तारा एकत्र पिळून त्यांवर टेप गुंडाळलेली होती, तेथे आकडा एकदम उडाला. एका जोडाचा अर्ध्या ओहमच्या आसपासचा अडथळा आणि त्यातून वाहणारा चार अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह, म्हणजे त्या टेपखाली सुमारे नऊ वॉट उष्णता तयार होत होती. हात लावून पाहिल्यावर तो जोड खरोखरच गरम लागला.

हॉर्न दाबल्यावर मागचा दिवा का फडफडतो, याचा उलगडाही त्याच जोडाने केला. सर्व उपकरणांचा परतीचा प्रवाह जर एकाच खराब जोडातून जात असेल, तर एकाने प्रवाह ओढताच त्या जोडावरचे व्होल्टेज वाढते आणि बाकीच्यांच्या वाट्याला तेवढे कमी येते. दोन असंबद्ध वाटणारी उपकरणे एकमेकांवर परिणाम करू लागली की सामाईक निगेटिव्ह तपासावी, हे आपले वाक्य आमच्या मुलांनी बोटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवले आहे.

टेप सोडवल्यावर तांबे हिरवे झालेले दिसले. तार कापत मागे गेलो तरी आवरणाच्या आत तांबे काळेच. शेवटपर्यंत चकाकी दिसली नाही. मुठेच्या गोड्या पाण्यात चालवायच्या बोटीला असा काट कसा चढला, हा आमचा प्रश्न होता. समुद्रात असताना बारीक तारांच्या गुच्छातून खारे पाणी आवरणाखाली ओढले गेले, पाणी वाळले पण मीठ राहिले, आणि मीठ पुण्याच्या पावसाळी हवेतली ओल पुन्हा पुन्हा शोषत राहते, असे उत्तर आपण दिले. म्हणून नवा जोड मारून भागणार नव्हते, पूर्ण तारच बदलावी लागली. शक्य असेल तेथे आपण कल्हई केलेली तांब्याची तार वापरण्याचा आग्रह धरलात, आणि घरात भिंतीतून नेतात तशी एकसंध कांडीची तार बोटीत कधीही नको असे सांगितलेत, कारण ती इंजिनाच्या थरथरीने आतल्या आत तुटते. जोडांना डाग देण्यालाही आपला विरोध होता. कथिल तारेत जेथवर शिरते तेथवर तार ताठ होते आणि नेमकी त्या सीमेवर मोडते. त्याऐवजी दाबून बसवलेला लग, म्हणजे तारेच्या टोकाला लावायची धातूची टोपी, आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. हे सगळे सामान आणण्यासाठी आमची मुले बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकाने हिंडली, आणि कोणती स्लीव्ह गोंदाची आणि कोणती साधी हे दुकानदाराला विचारण्याइतकी जाणती होऊन परत आली.

येथे एक गोष्ट नमूद करतो, कारण आपण ती कोणालाही न दुखावता केलीत. गाड्यांचे काम करणारे एक अनुभवी कारागीर त्या दिवशी उपस्थित होते आणि सर्व निगेटिव्ह इंजिनाच्या बॉडीला जोडून टाकू असे त्यांनी सुचवले होते. गाडीत हे बरोबरच असते, तिथे लोखंडी बॉडी हीच परतीची तार. फायबरच्या बोटीला मात्र बॉडी नाही, आणि धातूच्या बोटीला असली तरी तिच्यातून प्रवाह नेला तर पाण्यात ती धातूच खाल्ली जाते. म्हणून प्रत्येक उपकरणाला स्वतःची परतीची तार आणि त्या सर्वांसाठी एक पितळी पट्टी हवी. आपण हे त्यांना बाजूला घेऊन समजावलेत आणि ती पट्टी त्यांच्याच हातून बसवून घेतलीत. ते आता आमच्या बोटीकडे दर महिन्याला चक्कर मारतात.

तारेची जाडी ठरवतानाचा आपला हिशेब मी जसाच्या तसा देतो. लहान बोटींच्या अमेरिकी मानकांत मार्गदर्शक दिव्यांसारख्या महत्त्वाच्या उपकरणांसाठी तारांमध्ये व्होल्टेजची ३ टक्क्यांपर्यंतच घट चालते, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट, आपण तीच मर्यादा सर्चलाइटलाही लावलीत. बॅटरी ते नाळ अंतर चार मीटर, पण प्रवाह जाऊन परत येतो म्हणून लांबी आठ मीटर धरायची. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर ५५ वॉटच्या दिव्यासाठी घट पाव व्होल्टच्या थोडी वर येते. काम झाल्यावर मोजले तेव्हा जोडांसकट ०.३ आली. कागदावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा जुळल्यावर आपल्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, त्याची कोणी नोंद घेतली नसेल तर मी घेतली आहे.

बॅटरी उतरण्याचे कारण त्या मानाने लवकर सापडले. सर्व स्विच बंद करून मीटर अँपिअरवर ठेवला आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून मध्ये जोडला, तर पाव अँपिअर प्रवाह वाहत होता. म्हणजे दिवसाला सहा अँपिअर-तास, आणि आमची ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत अर्धी. एकेक फ्यूज काढत गेलो तरी आकडा हलेना, तेव्हा आपण ही वाट फ्यूजच्या आधीच फुटलेली आहे असे अनुमान काढले. बैठकीखाली थेट बॅटरीला जोडलेला, कोणे एके काळी गाणी वाजवण्यासाठी बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर निघाला. स्पीकर केव्हाच गेले होते, तो मात्र इमानाने जागा होता. फ्यूज उपकरणासाठी नसून तारेसाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा, हे त्या निमित्ताने ठसले. आणि मुख्य स्विच बंद असतानाही तळातील पाण्याचा पंप आपोआप चालू व्हावा यासाठी फक्त त्याचीच जोडणी, स्वतंत्र फ्यूजसह, थेट बॅटरीवर ठेवली.

इंजिन बंद पडण्याच्या बाबतीत आपण कोणतेही यंत्र हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारलात: कोणत्या बाजूला वळताना बंद पडते? त्याकडे आमचे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. आठवून पाहता ते नेहमी डावीकडे जोरात वळताना घडत होते. या इंजिनात बंद करण्याचा स्विच प्रज्वलनाची तार इंजिनाच्या धातूला टेकवतो आणि ठिणगी थांबते. तीच तार वळताना घासून सोलली गेली असेल तर स्विच न दाबताही इंजिन थांबेल. आपण ती तार दोन्ही टोकांनी सोडवली, दोन्ही पिना विजेने जोडल्या गेल्या की वाजेल अशा खुणेवर मीटर ठेवला, एक पिन तारेला आणि एक इंजिनाला लावली आणि हँडल हळूहळू वळवायला सांगितले. डावीकडच्या टोकाला मीटर वाजला. हे निदान पाहायला जमलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा आपण त्यांना रागावलात.

जाताना आपण वायरिंगशी संबंधित नसलेली एक सूचना दिलीत, ती येथे सर्वांसाठी लिहितो. पुराच्या पाण्यात बोट गल्लीत घालण्यापूर्वी त्या भागाचा वीजपुरवठा बंद झाल्याची महावितरणकडून खात्री करून घ्यावी, कारण बुडालेले मीटर बॉक्स आणि फीडर पिलर, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेट्या, हे बोटीच्या १२ व्होल्टपेक्षा फार वेगळे प्रकरण आहे. मंडळाने ही सूचना बचावकार्याच्या नियमांत पहिल्या क्रमांकावर घातली आहे.

मानधन आपण घेतले नाही, शालीलाही हात लावला नाही. आपल्या सांगण्याप्रमाणे आम्ही प्रत्येक उपकरणासाठी, भार टाकून मोजलेल्या व्होल्टेज-घटीची एक नोंदवही केली आहे आणि महिन्यातून एकदा ती भरतो. मागच्या पावसानंतर मागील दिव्याची घट ०.२ वरून ०.५ वर गेलेली दिसली. मुलांनी आपल्या रीतीने पिन सरकवत शोधले, पितळी पट्टीवरचा एक स्क्रू ढिला झाला होता, तो साफ करून आवळल्यावर आकडा पुन्हा ०.२ वर आला. आपल्याला फोन करण्याची वेळ आली नाही. पंपाच्या आकड्यात मात्र गेल्या दोन नोंदींत किंचित वाढ दिसते आहे, आणि दोष तारेत आहे की पंपाच्या मोटारीत यावर आमच्यात एकमत नाही. आपण सवडीने याल तेव्हा ते पान पाहावे, ही विनंती.

आपला नम्र,
मंडळाचा एक कार्यकर्ता
सिंहगड रस्ता, पुणे