इथेनॉलसाठी तयार फाइल नको, आधी टाकीतले इंधन मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला टर्बो गाड्यांवरचा लेख वाचला. इथेनॉलमिश्रित इंधन भरायचे, ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) नवी फाइल, म्हणजे बदललेले सॉफ्टवेअर, टाकायची, की ‘कोणत्याही टर्बो गाडीची’ ताकद वाढते, असे त्यात म्हटले आहे. मी बरीच वर्षे इंजिने उघडण्याचे आणि पुन्हा जोडण्याचे काम करतो. लेखातले अर्धे म्हणणे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यापायी चांगली इंजिने हकनाक मोडतात, म्हणून हे पत्र.

इथेनॉल टर्बोला मानवते, यात शंका नाही. त्याचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर जातो आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेते. टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा त्याने थंड होते, नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी होणारा स्फोट, लांबते. मग बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवता येतो, स्पार्क थोडा आधी देता येतो. साबने २००५ मध्ये ९-५ बायोपॉवर ही गाडी आणली, तेव्हा तेच दोन लिटरचे टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० आणि ८५ टक्के इथेनॉलवर १८० हॉर्सपॉवर देत होते. पण तिचा ईसीयू टाकीतले मिश्रण स्वतः ओळखून टायमिंग (स्पार्क देण्याची वेळ) आणि बूस्ट बदलत असे. व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट जास्त टिकाऊ होत्या. टाकी, पंप, नळ्या इथेनॉलला टिकतील अशा होत्या. लेखात ३० हॉर्सपॉवर तेवढी आली, त्यामागचे हे काम आले नाही.

आता माझ्याकडे आलेली एक गाडी सांगतो. तरुण मालक, गाडी जिवापाड जपलेली. आयडलला इंजिन थरथरत होते. स्कॅनर लावला तर एकही एरर कोड नाही, लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, बरोबर १.००. फक्त फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात स्वतः केलेली कमी-जास्त, उणे १३ टक्क्यांवर बसलेला. तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन पडले होते. त्याचा प्लग काढून भिंगाखाली धरला, तर पांढऱ्या पोर्सेलीनवर मोहरीहूनही बारीक, करडे, चकाकणारे कण चिकटलेले. ते पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम होते. हेड उतरवल्यावर पिस्टनची कड वाळू मारल्यासारखी खडबडीत दिसली आणि दोन रिंगांमधली पट्टी नखाएवढी तुटून पडलेली होती.

गाडीत ५० टक्के इथेनॉलसाठी बनवलेली फाइल होती. विकणाऱ्याने गाडी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. मी टाकीतले इंधन काढले. १०० मिलिलिटरच्या मोजनळीत १० मिलिलिटर पाणी घेतले, वर १०० च्या खुणेपर्यंत ते इंधन ओतले, बूच लावून हलवले आणि ठेवून दिले. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, त्यामुळे खालचा थर वाढतो. तो १० वरून २८ वर आला. म्हणजे ९० मिलिलिटर इंधनात १८ मिलिलिटर इथेनॉल, जेमतेम २० टक्के. ही रीत तंतोतंत नाही, पण ५० आणि २० मधला फरक ती लपवत नाही.

त्या मुलाने काही चुकीचे भरले नव्हते, हिशेब चुकला होता. ई८५ या नावाने मिळणाऱ्या इंधनात ८५ टक्केच इथेनॉल असते असे नाही. अमेरिकेच्या मानकानुसार हवामान आणि भागाप्रमाणे ते ५१ ते ८३ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते. त्यात टाकीच्या तळाशी आधीचे किती उरले होते, ते कोणीच धरत नाही.

इंजिन मोडेपर्यंत कोणाला पत्ता का लागला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. एक किलो पेट्रोलला जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. म्हणून ५० टक्क्यांची फाइल जास्त इंधन सोडते. टाकीत २० टक्केच असले, की ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण गडद (इंधन जास्त) दिसते आणि ईसीयू इंधन कमी करतो. तो उणे १३ टक्के ट्रिम हाच. इंधनाची चूक अशी आपोआप झाकली जाते, मीटरवर सगळे ठीक दिसते. स्पार्कचे टायमिंग आणि बूस्ट मात्र ५० टक्क्यांच्याच हिशेबाने चालू राहतात. त्यांना सावरायला फक्त नॉक सेन्सर उरतो. तो ठोका बसल्यानंतर जागा होतो, आणि टायमिंग मागे घ्यायची त्याची मुभाही ठरावीक अंशांपुरतीच असते.

उलट्या बाजूलाही धोका आहे. इथेनॉलचे प्रमाण भरपूर असले की नॉकिंग सहसा ऐकू येत नाही, म्हणून ट्यूनर टायमिंग पुढे पुढे ओढत राहतो. एका टप्प्यानंतर टॉर्क वाढत नाही, सिलिंडरमधला दाब तेवढा वाढतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. तो टप्पा डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी चढवल्याशिवाय कळत नाही. फाइल पाठवून तर नाहीच नाही.

फ्लेक्स फ्युएल सेन्सर ही काही चैनीची वस्तू नाही. इंधनाच्या नळीत बसणारा हा छोटा डबा इथेनॉलचे प्रमाण सतत मोजून ईसीयूला कळवतो, ० टक्क्याला ५० हर्ट्झ आणि १०० टक्क्यांना १५० हर्ट्झ. ईसीयू ते वाचून वागणारा असला, तर टाकीत काहीही भरले तरी टायमिंग आणि बूस्ट त्या बेताने राहतात. शिवाय ई८५ वर जायचे तर पेट्रोलपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त इंधन पुरवायला लागते. तेवढे इंजेक्टर आणि पंप आहेत का, हे फाइल टाकण्याआधी तपासायला हवे. ऐन बूस्टमध्ये इंधनाचा दाब पडला तर वाचवायला वेळ मिळत नाही. थंडीत गाडी उशिरा सुरू होते, छोट्या फेऱ्यांत इंजिन ऑइलमध्ये इंधन आणि पाणी मिसळते, म्हणून ऑइलही लवकर बदलावे लागते.

इथेनॉलला माझा विरोध नाही. सेन्सर बसवून, डायनोवर नीट ट्यून केलेल्या गाड्या मी चालवल्या आहेत आणि त्यांचे इंजिन ज्या सहजतेने ओढते ते पाहून मन भरते. म्हणूनच एवढे कळकळीने लिहितो आहे. त्या लेखातले ‘कोणत्याही टर्बो गाडीची’ हे शब्द पुढच्या रविवारी त्याच पानावर दुरुस्त करावेत, आणि जागा असेल तर मोजनळीची ती साधी रीतही छापावी, ही विनंती.

आपला,
इंजिन दुरुस्तीचे काम करणारा एक वाचक